पुंजाजीचा अर्धा खोपा

सोयरीक जुळवायला आलेला माणूस परक्या घरात शिरल्याबरोबर काय बघतो? मुलगा बघतो, गोठा बघतो, फार झालं तर विहिरीला पाणी किती ते विचारतो. आसेगावचे पुंजाजी आढ्याकडे बघत. मान मागे टाकून, तोंड अर्धवट उघडं ठेवून, डोक्यावरची टोपी मागे पडेपर्यंत बघत. समोर पोह्यांची बशी निवत असे, मुलाचा बाप मुलाचे गुण सांगून दमत असे, आणि पुंजाजी मध्येच हात वर करून म्हणत, "ते राहू द्या, भाऊ. तुमच्या घरी चिमणीनं खोपा कुठी केला?"

खोपा दिसला की पुढचा सवाल ठरलेला, त्याच्याखाली सूप बांधलं आहे का? आमच्याकडे काही घरांत चिमणीनं आढ्यात खोपा केला की खाली एक जुनं सूप दोरीनं आडवं बांधत. पिल्लू घसरलं तर सुपात पडावं, जमिनीवर आपटू नये म्हणून. सूप दिसलं की पुंजाजी टोपी उचलून डोक्यावर ठेवत, पोहे खात आणि मुलीच्या बापाला म्हणत, "बिनघोर द्या पोरगी." सूप नसलं की बोलणी लांबत. खोपाच झाडून टाकलेला असला तर विषय संपला, मग मुलगा तहसीलदार का असेना.

एकदा शेलूबाजारच्या एका मातबर घरी असंच झालं. कौलारू घर, दारात दोन बैलजोड्या, मुलगा चारचौघांत उठून दिसणारा. पाहुणे येणार म्हणून मुलाच्या आईनं सकाळीच घर लख्ख झाडलेलं. पुंजाजींनी आढं पाहिलं, काही सापडलं नाही. ते उठले, परसात गेले, उकिरड्यापाशी बसले आणि काडीनं काहीतरी उकरू लागले. परत आले ते ओंजळीत काड्या, पिसं आणि फुटलेलं एक अंडं घेऊन. ते त्यांनी पोह्यांच्या बशीशेजारी ठेवलं आणि पायांत वहाणा घातल्या. मुलीचा बाप गयावया करत मागे धावला, "अहो पुंजाजी, एका चिमणीपायी काहून सोयरीक मोडता?" पुंजाजी चालता चालता म्हणाले, "आज सकायी खोपा झाडला. उद्या काय झाडतीन, सांगता येते काय?"

सोयरीक मोडली. गावानं आठ दिवस पुंजाजींना शिव्या घातल्या आणि नवव्या दिवशी एकजण आपल्या भाचीसाठी स्थळ बघायला त्यांनाच घेऊन गेला.

स्वराज्य येऊन सात-आठ वर्षं झाली होती तेव्हाची ही गोष्ट. मी आसेगावच्या शाळेत मास्तर म्हणून नवाच आलो होतो. पुंजाजी पन्नाशीचे, उंच, वाळकुडे, थोडी कोरडवाहू शेती असलेले. बायको कधीच वारलेली. एक लेक होती, ती लांब कुठेतरी दिलेली, एवढंच लोक सांगत आणि पुढे विषय बदलत. पुंजाजी एकटेच राहत, हातानं भाकरी थापत आणि उरलेला सगळा वेळ पाखरं बघत. ज्वारी दाण्यावर आली की लोक माचावर चढून गोफणीनं पाखरं हाकलत. पुंजाजीही माचावर चढत, पण गोफण गळ्यात अडकवून हनुवटीखाली हात घेऊन बसत. कोणतं पाखरू कणसाला वरून चोच घालतं आणि कोणतं खालून, याचा त्यांना छंद. त्यांच्या वावरात पाखरांची जत्रा भरे. शेजारचे वावरवाले मात्र खूश होते, कारण त्यांच्याकडे कोणी जात नसे.

पण या माणसानं मला सगळ्यात जास्त छळलं ते एका प्रश्नानं. "तुमी पाह्यलं?" अमक्याची म्हैस व्याली म्हणा, तमक्याच्या घरी भांडण झालं म्हणा, पुंजाजी डोळे बारीक करून विचारणार, "तुमी पाह्यलं?" नाही म्हटलं की संपलं. "मंग बोलू नका ना बापा!" अरे, म्हशीनं काय मला बोलावून घेऊन व्यायचं?

एकदा मी वर्गात धडा शिकवत होतो. सुगरण पक्षीण किती कष्टानं खोपा विणते, मुलींनी तिच्यासारखं असावं, वगैरे वगैरे. मला स्वतःलाच माझा आवाज गोड वाटू लागला होता. तेवढ्यात खिडकीतून टोपी आली, टोपीखाली पुंजाजी. "मास्तर, तुमी पाह्यलं?"

मी म्हणालो, "पुस्तकात आहे."

"पुस्तकानं पाह्यलं?"

सगळा वर्ग खो खो हसला. माझं डोकं फिरलं. त्या रविवारी मी तावातावानं त्यांच्याबरोबर वावरातल्या विहिरीवर गेलो. विहिरीवर एक बाभूळ वाकलेली आणि तिला पंचवीस-तीस खोपे पाण्यावर लोंबत होते. पुंजाजींनी मला धोंड्यावर बसवलं, डोक्यावर घोंगडीची खोळ घातली आणि बजावलं, "हलायचं नाई. खोकायचं नाई. तोंडानं तं बिलकुल काई करायचं नाई." मास्तर माणसाला ही शिक्षा जन्मठेपेची. चार तास बसलो. पाय बधिर झाले, मुंग्यांनी पोटऱ्या फोडल्या, आणि मी बघितलं ते असं. खोपा विणत होते ते पिवळ्या डोक्याचे नर. बाईसाहेब एक काडी आणत नव्हत्या. नर गवताच्या चिरलेल्या पात्या आणून, उलटे लोंबून, मरमर विणत होते, आणि खोपा अर्धा झाला की थांबत होते. मग चार-पाच माद्या येत. त्या आल्या की सगळे नर पंख फडफडवून आरडाओरडा करत. मादी एकेका खोप्यात शिरे, इकडे चोच लावी, तिकडे ओढून बघे. पटलं नाही की भुर्रकन दुसरीकडे. एका बिचाऱ्याचा खोपा माझ्यादेखत तीन जणींनी नापसंत केला.

"पसंत पडला तं मंग तो खालची नळी विणते, खोपा पुरा करते," पुंजाजी कुजबुजले. "नाई पडला तं अर्धाच राह्यते लोंबत. ते पाहा, अर्धे कितीक हायेत."

मी खरंच हरलो होतो, पण मास्तरकी जात नाही. मी बोट दाखवलं, "आणि तो पाहा, पलीकडचा. त्याची मादी खोप्यात बसली आहे, आणि हा गडी शेजारीच दुसरा खोपा बांधतोय. तो कुणासाठी?"

पुंजाजींनी माझं बोट धरून खाली केलं. मग म्हणाले, "मास्तर, तितकं तुमी नका पाहू."

दुसऱ्या दिवशी वर्गात मला धडा उलटा शिकवावा लागला. मुली फारच मन लावून ऐकत होत्या.

तर अशा या पुंजाजींनी माझं लग्न ठरवायचं मनावर घेतलं. मला वडील नव्हते, आई वाशीमला थोरल्या भावाकडे होती, आणि पोस्टकार्डावर पोस्टकार्ड येत होतं. मुलगी धनजची, वच्छला नावाची, चौथी पास. पुंजाजींना ती ठाऊक होती, कारण ते दर साल श्रावणात आठ दिवस धनजला जात. शेलूबाजारपर्यंत पायी, तिथून सर्व्हिस मोटारीनं कारंजा, पुढे पुन्हा पायी. कशाला जाता विचारलं की सांगत, "पाखरं पाहाले." आसेगावच्या विहिरीवर तीस खोपे लोंबत असताना धनजची पाखरं काय सोन्याची होती, देव जाणे. मी एकदा तसं बोललो, तर म्हणाले, "तथचे खोपे अलग राह्यतात." मी नाद सोडला.

मुलगी बघायला कधी जायचं, असं मी विचारलं. पुंजाजींनी माझ्याकडे असं पाहिलं की मी जणू उकिरड्यावरचं अंडं फोडलं होतं.

"तुमी कायले जाता? थे येईन तुमचं घर पाहाले."

"मुलगी? मुलगी येईल घर बघायला?"

"राहाचं कोनाले हाय, मास्तर? तिले का तिच्या बापाले?"

मी कपाळावर हात मारला. आमच्याकडे तेव्हा लग्नाआधी मुलीनं मुलाच्या गावाचं नाव उच्चारलं तरी आया-बाया तोंडाला पदर लावत. पण पुंजाजींनी धनजला जाऊन मुलीच्या बापाला, लक्ष्मणरावांना, दोन दिवस असं काही घोळात घेतलं, की तो भला माणूस कबूल झाला. मंगरूळला मावशीकडे जायचं म्हणून निघायचं आणि वाटेत मास्तरच्या दारात तहान लागायची, असं ठरलं.

आता घर. माझं घर म्हणजे एक मातीची खोली. स्वयंपाकाची खोली मी शेजारी नव्यानं बांधायला घेतली होती. भिंती छातीपर्यंत आल्या, आणि एके सकाळी पुंजाजी येऊन म्हणाले, "बास. आता थांबा."

"थांबा? छप्पर घालायचं आहे. पाऊस चालू आहे."

"पुरा बांधला, आन तिले पसंत नाई पडला तं? अर्धाच ठेवायचा. थे पाहीन, मंग पुरा करायचा."

"पुंजाजी, मी पाखरू नाही!"

"ते दिसूनच राह्यलं," पुंजाजी माझ्या भिंतीला हात लावून म्हणाले. "पाखरानं कोपरा सरळ धरला असता."

पंधरा दिवस, वाचकहो, पंधरा दिवस मी उघड्या आभाळाखाली स्वयंपाक केला. एका हातात छत्री, एका हातात फुंकणी. भाकरीवर पाणी, डोळ्यांत धूर, आणि वरणात तर वेगळं पाणी घालायची गरजच उरली नव्हती. येणारे-जाणारे विचारत, "मास्तर, छप्पर?" मी म्हणे, "सवड नाही." खरं कारण सांगितलं असतं तर शाळेत जायची सोय राहिली नसती. शिवाय पुंजाजींच्या सूचना रोजच्या रोज चालू. "थे आली का तुमी जरा फडफड करा. नराले करा लागते." मी त्यांना फुंकणी फेकून मारणार होतो, पण ती एकच होती.

ती आली तेव्हा मी नेमका चुलीशी झगडत होतो. दारात लक्ष्मणराव, त्यांच्या मागे हिरव्या लुगड्यातली सावळी, ठेंगणी मुलगी, आणि सगळ्यांच्या पुढे टोपी सावरत पुंजाजी. मी गडबडीनं उठलो, तशी वाऱ्यानं छत्री उलटी झाली. ती सुलटी करायला मी दोन्ही हातांनी जी काही धडपड केली, ती पाहून पुंजाजींनी मान डोलवली आणि लक्ष्मणरावांना हळूच म्हणाले, "पाह्यलं?"

मुलीनं माझ्याकडे बघितलंच नाही. ती सरळ आत गेली. भिंतीला तळवा लावून जोर दिला. मोठ्या खोलीच्या आढ्याला बांधलेली दोरी ओढून बघितली. तिथे मी आठवड्यापूर्वीच, संधी वाया जाऊ नये म्हणून, एक सूप बांधून ठेवलं होतं. चिमणी अजून आलेली नव्हती. तिनं सूप पाहिलं, वर खोपा नाही हेही पाहिलं, आणि पदर तोंडाशी नेला. हसली असावी. मग अर्ध्या भिंतीच्या खोलीत आली आणि पहिल्यांदा बोलली.

"चूल इकडं काहून मांडली? वारा तं तिकडून येते."

मी चुलीकडे पाहिलं. धूर खरंच माझ्याच तोंडावर येत होता.

तिनं बापाकडे पाहिलं, मग खाली पाहत एकदम म्हणाली, "पंचमीले माहेरी धाडान का? दर साल?"

"धाडीन की."

"कोनी रुसलं, फुगलं, तरी?"

"तरी."

"तुमी सोता आनून सोडान?"

"हो," मी म्हणालो. इतकं सरळ उत्तर मी त्याआधी शाळेच्या इन्स्पेक्टरलाही दिलं नव्हतं.

मी पुंजाजींकडे पाहिलं. ते पाठ फिरवून समोरच्या निंबाकडे बघत होते. "कोतवाल बसला हाय," असं काहीतरी पुटपुटले. मीही पाहिलं. निंबावर कोतवाल पक्षीच काय, कावळासुद्धा नव्हता. मला वाटलं, उडाला असेल.

पाणी पिऊन मंडळी निघाली. ना होय म्हणाली, ना नाही. मी त्यांना शिवेपर्यंत पोचवून परत येईस्तोवर माझ्या जिवाचं पाणी झालं होतं. आता सांगायला हरकत नाही, ती मुलगी मला फार आवडली होती. ती भुर्रकन गेली तर हा अर्धा खोपा घेऊन मी काय करणार होतो? मी भिंतीला टेकून बसलो. पुंजाजी मात्र आत गेले आणि एकदम ओरडले, "मास्तर! अथी या!"

चुलीचे तीन दगड जागचे हलले होते. मी लक्ष्मणरावांना पाणी देत होतो तेवढ्यात ते तिनं उचलून वाऱ्याच्या आडोशाला, पलीकडच्या कोपऱ्यात मांडून ठेवले होते. शेजारी सरपणसुद्धा रचलं होतं.

"झालं!" पुंजाजींनी टोपी काढून हवेत हलवली. "पसंत हाय. घाला छप्पर!"

मी त्याच दिवशी छपरासाठी पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, काड्या आणायला पळालो.

तुळशीचं लग्न झालं, मग आमचं झालं. पुढच्या श्रावणात शब्दाप्रमाणे मी वच्छलेला घेऊन धनजला गेलो. पुंजाजी आमच्या आधी दोन दिवस येऊन पोचलेले होते. गावाबाहेरच्या विहिरीवर असतील, असं कळलं. मला खोडी काढायची हुक्की आली. हळूच मागून जायचं आणि कानात ओरडायचं, "तुमी पाह्यलं?" मी निघालो, तशी वच्छला घागर घेऊन मागे आली. विहिरीच्या अलीकडे तिनं माझी बाही धरली.

"त्याईले हाक मारू नका. अथूनच पाहा."

विहिरीवर बाभूळ होती, खोपे होते, अगदी आसेगावसारखेच. बाभळीखाली पुंजाजी धोंड्यावर बसलेले, डोक्यावर खोळ, नजर वर. पाच-सहा बाया पाणी भरत होत्या. गावाच्या कडेच्या ओट्यावर एक म्हातारी विहिरीकडे तोंड करून बसली होती. तेवढ्यात गावातून एक बाई आली, पंचविशीची, उंच, वाळकुडी. तिला बघितल्यावर बाकीच्या बाया बाजूला झाल्या. एकीनं आपली बादली मुद्दाम विहिरीत सोडून दिली आणि मोठ्यानं ओरडली, "गेली वं बाई! आता गळ आना." मग सगळ्या गळ शोधायला लागल्या. गळ तिथेच, दगडावर पडलेला होता.

ती उंच बाई घागर टेकवून उभी राहिली आणि वर खोप्यांकडे बघत म्हणाली, "पाखरा, मांगच्या सालचा खोकला गेला का तुया?"

पुंजाजींनी मान वळवली नाही. खोप्यांकडेच बघत म्हणाले, "गेला. तू वाळली दिसतं वं पाखरा. दाने टिपून राह्यली ना?"

"टिपून राह्यली. पिल्लू आता शायेत जाते."

"कोनासारखं दिसते?"

"मान वर करूनच चालते," ती म्हणाली आणि हसली. हसता हसता तिनं डोळे पुसले. ओट्यावरून म्हातारीची हाक आली. बायांना एकदम गळ सापडला. ती घागर डोक्यावर घेऊन निघून गेली.

"गोदाबाई," वच्छला हळू आवाजात म्हणाली. "त्याईची लेक. ओट्यावर बसली थे तिची सासू. लग्नात व्याह्याले फेटा बांधायचा राह्यला म्हनून रुसवा झाला. नऊ सालं झाली. तवापासून ना माहेरी धाडलं, ना बापाले उंबऱ्यावर येऊ देलं. बोलायची बी बंदी हाय. पन पाखरायशी बोलायची बंदी कोन घालीन?"

मग तिनं आणखी एक सांगितलं. पुंजाजींनी ते घर लग्नाआधी बघितलंच नव्हतं. पेरणीचे दिवस होते. मध्यस्थ म्हणाला, घर चांगलं आहे, आणि हे हो म्हणाले. लग्नानंतर पहिल्यांदा या विहिरीवर येऊन बसले, तेव्हा गावच्या लोकांनी हटकलं, काय पाहता? काहीतरी सांगायचं म्हणून सांगितलं, पाखरं. आणि लेक पाण्याला येईपर्यंत दिवस-दिवस बसायचं म्हणून खरंच पाखरं बघितली.

माझी खोडी घशातच राहिली. मी जाऊन पुंजाजींच्या शेजारच्या धोंड्यावर बसलो. त्यांनी अर्धी खोळ माझ्या डोक्यावर ओढली. वर एक पिवळ्या डोक्याचा नर अर्ध्या खोप्याला लोंबून मरमर विणत होता.

"मास्तर," शेवटी पुंजाजी वर बघतच म्हणाले, "पाह्यलं?"

एरवी हो म्हटलं की ते पुढे शंभर प्रश्न विचारून खातरजमा करत. कोणत्या फांदीवर, चोच कशी होती, आधी उडालं कोण.

"पाह्यलं," मी म्हणालो.

त्यांनी पुढे काही विचारलं नाही.